पाहिलं कोणी, ऐकलं कोणी

कुंडलिकेच्या एका काठाला रोहा, दुसऱ्या काठाला अष्टमी. दोन्ही गावांची नगरपरिषद एक, बाजारहाट एक, आणि मधल्या पुलावरून माणसांबरोबर दिवसभर बातम्यांचीही ये-जा चालू असते. अशा ठिकाणी मारहाण झाली तर तिची कोर्टापर्यंतची वाट कशी असते, हे एक उदाहरण कल्पून पाहू.

समजा, अष्टमीच्या नाक्यावर संध्याकाळी सातच्या सुमारास दोन शेजाऱ्यांची शेताच्या बांधावरून जुंपली. एकाने दुसऱ्याच्या डोक्यात काठी घातली. वडापावच्या गाडीवाल्याने काठी उगारलेली आणि डोक्यात बसलेली पाहिली. रिक्षावाल्याचं तोंड दुसरीकडे होतं. ओरडा ऐकून तो वळला तेव्हा एकजण डोकं धरून खाली बसला होता आणि दुसरा नदीच्या दिशेने पळत होता. जखमीचा भाऊ घरी होता, त्याला कुणीतरी फोन केला. अर्ध्या तासात पुलापलीकडे काठीचा कोयता झाला आणि मारणारा एक होता त्याचे चार झाले. रात्री जेवणाच्या वेळेला घराघरांत ही हकिगत अशी सांगितली जात होती की जणू सांगणारा नाक्यावर उभाच होता. त्यातलं कुणी जाणूनबुजून खोटं बोलत नव्हतं. ज्याने त्याने आपल्याला कळलं ते पुढे सांगितलं, एवढंच.

आता वर्ष-दोन वर्षांनी खटला उभा राहतो. भाऊ पिंजऱ्यात येतो, ईश्वरसाक्ष शपथ घेतो आणि ठामपणे सांगतो, की माझ्या भावाला अमक्याने काठीने मारलं. त्याच्या आवाजात चीड असते आणि ती खरी असते. आरोपीचे वकील उलटतपासाला उठतात.

‘त्या वेळी तुम्ही कुठे होता?’

‘घरी.’

‘म्हणजे मारताना तुम्ही पाहिलं नाही?’

‘नाही, पण मला सगळं सांगितलं.’

‘कुणी सांगितलं?’

‘लोकांनी.’

टंकलेखक जे वाक्य टिपतो ते कोरडं असतं: ‘हे म्हणणे खरे आहे की, मी घटना प्रत्यक्ष पाहिली नाही.’ मारहाणीपुरती भावाची साक्ष तिथे संपते. भाऊ खोटारडा ठरला म्हणून नव्हे, तर कोर्टाला हवी असलेली माहिती ज्याच्याकडे आहे तो माणूस दुसराच आहे म्हणून.

१८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमातलं कलम ६० यावर नेमकं बोट ठेवत होतं. तोंडी पुरावा प्रत्यक्षच असला पाहिजे: पाहण्यासारखी गोष्ट असेल तर ‘मी पाहिली’ म्हणणाऱ्याने सांगायची, ऐकण्यासारखी असेल तर ‘मी ऐकली’ म्हणणाऱ्याने. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. कलमाचा आकडा ६० चा ५५ झाला, नियम तोच राहिला. म्हणून काठी कुणी मारली हे गाडीवाला सांगू शकतो. रिक्षावाला ओरडा, खाली बसलेला माणूस आणि पळणारा माणूस सांगू शकतो, काठी नाही. भाऊही अगदीच निरुपयोगी नाही. फोन किती वाजता आला, दवाखान्यात पोचल्यावर भावाच्या शर्टावर रक्त कुठे होतं, टाके पडताना तो शुद्धीवर होता का, हे सगळं त्याने स्वतः अनुभवलेलं आहे आणि तेवढं सांगायला त्याला कुणीही अडवू शकत नाही. चांगला सरकारी वकील भावाकडून नेमकं तेवढंच काढून घेतो. ‘सगळं सांगा’ म्हणणारा वकील मात्र आपल्याच साक्षीदाराला उलटतपासाच्या तोंडी देतो.

ऐकीव गोष्ट खोटीच असते म्हणून ती बाहेर ठेवतात, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. पुष्कळदा ऐकीव गोष्ट खरीच निघते. अडचण वेगळी आहे. ज्याने मूळ गोष्ट पाहिली त्याने शपथ घेतलेली नसते, न्यायाधीशाने त्याचा चेहरा पाहिलेला नसतो, आणि मुख्य म्हणजे आरोपीला त्याला एकही प्रश्न विचारता आलेला नसतो. उजेड किती होता? मध्ये टेम्पो उभा होता का? चेहरा पाहिला की नुसती पाठ? भावाला हे विचारून काय उपयोग? तो एकच उत्तर देऊ शकतो, ‘मला तसं सांगितलं.’ त्या उत्तराला उलटतपास लागू पडत नाही.

हा धडा इंग्लंडला फार महागात पडून मिळाला. १६०३ साली सर वॉल्टर रॅले याच्यावर राजद्रोहाचा खटला चालला. लंडनमध्ये प्लेग असल्यामुळे सुनावणी विंचेस्टरला झाली. मुख्य पुरावा होता लॉर्ड कोबम याचा कोर्टाबाहेरचा जबाब. कोबमला समोर आणा, मला त्याला विचारू द्या, असं रॅले पुन्हा पुन्हा विनवत राहिला. कोबमला आणलं नाही. उलट एका जहाजाच्या वाटाड्याला उभं केलं. लिस्बनमध्ये कुणीतरी आपल्याला म्हणालं होतं की रॅले आणि कोबम राजाचा गळा कापणार आहेत, असं त्याने सांगितलं. तो ‘कुणीतरी’ कोण, त्याला हे कसं कळलं, याचा पत्ताच नाही. रॅलेला मृत्युदंड सुनावला गेला आणि पंधरा वर्षांनी, १६१८ मध्ये, तो अमलातही आला. आपल्या कायद्याचा मसुदा करणाऱ्या जेम्स फिट्झजेम्स स्टीफनच्या पाठीशी हा सगळा इतिहास होता.

पण अफवा आणि मारहाण यांचं नातं समजून घ्यायला इतक्या लांब जाण्याची गरज नाही. अष्टमीहून कोलाड, माणगाव करत दक्षिणेला गेलं की त्याच जिल्ह्यात महाड लागतं. जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबा होतं. १९ आणि २० मार्च १९२७ ला तिथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. २० तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि परिषदेला आलेले हजारो लोक मिरवणुकीने चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. लोक परतले, जेवणाखाण्याला आणि गावी जायच्या तयारीला लागले. एवढ्यात गावात आवई उठली: हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार! असा बेत ठरलेलाच नव्हता. पण आवईला पुरावा लागत नाही. लाठ्याकाठ्या घेऊन जमाव निघाला, मंडपात शिरला, जेवत असलेल्या, सामान बांधत असलेल्या माणसांना झोडपून काढलं, अन्न मातीत तुडवलं. पांगलेल्या लोकांना रस्त्यांत गाठून मारलं. काहींनी मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला. आंबेडकर डाक बंगल्यात होते. बातमी कळताच ते आले आणि आपल्या संतापलेल्या लोकांना त्यांनी उलट हात उचलू दिला नाही. प्रतिकाराची ताकद असताना पाळलेल्या त्या संयमामुळेच नंतर कोर्टात कोण मारणारा आणि कोण मार खाणारा याचा घोळ झाला नाही, असं मला वाटतं.

मारहाणीचा खटला झाला. चरित्रकार धनंजय कीर यांच्या नोंदीप्रमाणे नऊ आरोपींपैकी पाचजणांना ६ जून १९२७ ला जिल्हा मॅजिस्ट्रेटने चार महिन्यांची सक्तमजुरी दिली.

आता त्या आवईकडे पुराव्याच्या दृष्टीने पाहा. ‘ते वीरेश्वराच्या देवळात शिरणार आहेत’ हे एकच वाक्य. देवळात शिरण्याचा बेत खरोखर होता हे सिद्ध करायला कुणी म्हणेल, ‘गावात सगळे तसं बोलत होते,’ तर तो शुद्ध ऐकीव पुरावा, टाकून द्यायचा. हजार लोक बोलत असले तरीही, कारण त्या हजारांतल्या एकानेही बेत ठरताना पाहिलेला नाही. पण जमाव अचानक का गोळा झाला, कुणाच्या तोंडून ती आवई निघाली, ती ऐकून कोण काठी आणायला धावलं, हे दाखवायचं असेल तर तेच वाक्य चालतं. तिथे वाक्य खरं आहे का हा प्रश्नच नसतो. ते उच्चारलं गेलं का, एवढाच प्रश्न असतो, आणि ज्याने आपल्या कानांनी ऐकलं तो त्याचा प्रत्यक्ष साक्षीदार असतो.

हाच फरक १९५६ साली प्रिव्ही कौन्सिलने मलायाच्या एका खटल्यात स्पष्ट केला. सुब्रमण्यम नावाच्या आरोपीजवळ काडतुसं सापडली होती. दहशतवाद्यांनी धमकावून आपल्याला सोबत नेलं, असं त्याचं म्हणणं होतं. ते दहशतवादी काय म्हणाले हे खालच्या कोर्टाने ऐकीव म्हणून सांगूच दिलं नाही. प्रिव्ही कौन्सिलने ते चूक ठरवलं: धमकी खरी होती की पोकळ हा मुद्दा नव्हता, ती ऐकून या माणसाच्या मनात भीती बसली का हा मुद्दा होता. आजही आपल्या कोर्टांत ‘हे ऐकीव आहे’ अशी हरकत आली की जाणता न्यायाधीश आधी विचारतो, हे वाक्य कशासाठी सांगताय?

या नियमाला अपवाद आहेत. त्यातला एक चटकन सांगून होतो. घाव बसतानाच किंवा बसल्याबरोबर जखमी ओरडला, ‘अरे, अमक्याने मारलं रे!’ तर ते ओरडणं घटनेचाच भाग धरतात आणि रिक्षावाल्याला ते शब्द सांगता येतात. मात्र मध्ये वेळ गेलेला चालत नाही. विचार करायला, जुळवाजुळव करायला अवसर मिळाला की अपवाद संपला. १९९६ च्या एका आंध्रमधल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे कडकपणे बजावलं आहे.

दुसरा अपवाद जास्त गंभीर, मृत्युपूर्व जबाबाचा. त्यावरचा देशभर प्रमाण मानला जाणारा निकाल नागपूरच्या खटल्यातून आला. १२ फेब्रुवारी १९५६ च्या रात्री तिथल्या गिरणी भागातल्या दोन टोळ्यांच्या वैरातून एका माणसावर तलवारी आणि भाल्यांनी हल्ला झाला. त्याला मेयो इस्पितळात नेलं. आधी डॉक्टरांनी, मग फौजदाराने, मग मॅजिस्ट्रेटने, असे दोन-अडीच तासांत त्याचे जबाब टिपले. दुसऱ्या दिवशी तो वारला. तिन्ही जबाबांत खुशाल आणि तुकाराम ही दोन नावं होती. पुढे तुकाराम सुटला, कारण त्या भागात त्या नावाची एकाहून अधिक माणसं होती आणि जबाबांतल्या वर्णनावरून नेमका हाच तुकाराम हे ठाम सांगता येईना. खुशालच्या बाबतीत तसा गोंधळ नव्हता. मेलेल्या माणसाच्या शब्दाला दुसरा आधार नसेल तर केवळ त्यावर शिक्षा देता येते का? सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर १९५७ मध्ये ‘खुशाल राव विरुद्ध मुंबई राज्य’ या निकालात होय म्हटलं. पण त्याआधी पाहायच्या गोष्टी सांगितल्या. मरणाऱ्याला हल्लेखोर दिसण्याइतका उजेड होता का, जबाब लवकरात लवकर घेतला का, त्याच्याच शब्दांत आणि शक्यतो प्रश्नोत्तरांत टिपला का, कुणी पढवायला जवळ होतं का, वेगवेगळ्या वेळी तो एकच गोष्ट सांगत राहिला का. म्हणजे उलटतपास घेणं अशक्य झालं, तेव्हा उलटतपासात जे विचारलं गेलं असतं ते न्यायाधीशाने स्वतः विचारायचं.

आणि जखमी वाचला तर? मग दवाखान्यातला त्याचा जबाब मृत्युपूर्व जबाब राहत नाही. बरा झालेल्या माणसाने कोर्टात यायचं, सांगायचं आणि प्रश्नांना सामोरं जायचं. जुना जबाब फार तर त्याच्या साक्षीला पुष्टी द्यायला किंवा तिला छेद द्यायला उपयोगी पडतो. अनेक फिर्यादींना याचा धक्का बसतो. ‘पोलिसांना सगळं सांगितलंय की, पुन्हा कशाला?’ असं ते म्हणतात. पण तपासात पोलिसांनी घेतलेला जबाब हा फौजदारी खटल्यात पुरावा नसतोच. त्यावर सही घ्यायलाही कायद्याची मनाई आहे. त्याचा मुख्य उपयोग आरोपीला: कोर्टातली साक्ष आणि आधीचा जबाब यांत फरक असेल तर तो दाखवण्यासाठी.

महाराष्ट्रातल्या कोणत्याही फौजदारी कोर्टात एक दिवस बसलं तरी त्यातून निघणारं एक वाक्य कानावर पडतंच. साक्षीदार म्हणतो, आरोपीने काठी घराच्या पडवीतून आणली. वकील जबाब वाचतात, त्यात पडवी नाही. मग नोंद होते: ‘मी पोलिसांना जबाब देतेवेळी तसे सांगितले होते. तो मजकूर माझ्या जबाबात का नाही, याचे कारण मला सांगता येणार नाही.’ गावच्या माणसाला हे उत्तर देताना आपण हरलो असं वाटतं. तसं नसतं. पडवी राहून गेली ही किरकोळ गोष्ट आहे. पण मारणारा कोण हेच जबाबात नसेल आणि कोर्टात प्रथमच आलं असेल तर ती मुळावरच येणारी उणीव ठरते. साक्षीदाराची विश्वासार्हता ठरते ती या दोन प्रकारांतला फरक ओळखण्यावर. १९८३ च्या भरवाडा भोगीनभाई निकालात न्यायमूर्ती ठक्कर यांनी याची फार समंजस मांडणी केली. माणसाची स्मृती चित्रफितीसारखी चालत नाही, अचानक घडलेल्या घटनेचे सगळे तपशील मन टिपत नाही, वेळेचे अंदाज चुकतात, कोर्टात माणूस बुजतो. माझा अनुभवही हाच, की चार साक्षीदार शब्दाला शब्द जुळवून सांगू लागले की तिथे जास्त सावध व्हावं.

साक्षीदार किती असावेत याला आपल्या कायद्यात आकडा नाही. १९५७ च्या वडिवेलू थेवर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदारांचे तीन प्रकार केले: पूर्ण भरवशाचा, पूर्ण बिनभरवशाचा आणि मधला. पहिला एकटाही पुरतो, दुसरे दहा असले तरी व्यर्थ. तिसऱ्याला मात्र बाहेरचा आधार शोधावा लागतो, आणि न्यायाधीशाची खरी मेहनत तिथेच असते. आमच्या कल्पित खटल्यातला गाडीवाला पहिल्या प्रकारातला निघाला आणि डॉक्टरांच्या दाखल्यातली जखम काठीच्या घावाशी जुळली, तर एवढ्यावर भागू शकतं.

‘साक्षीदार नात्यातला आहे’ ही बचावाची ठरलेली हरकत. तिला १९५३ साली दलीप सिंग खटल्यात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी उत्तर दिलं. सर्वोच्च न्यायालयात जाण्यापूर्वी ते नागपूरच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते, आणि गावगाड्याची त्यांना चांगली जाण होती. जवळचा नातेवाईक खऱ्या गुन्हेगाराला सोडून भलत्यालाच कशाला गुंतवेल, असा त्यांचा सवाल होता. मात्र जुनं वैर असेल तर खऱ्याबरोबर आणखी एखादं नाव घुसडण्याचा मोह होतो, हेही त्यांनी सांगून ठेवलं. अष्टमीत एकाचे चार होतात ते काही वेळा अफवेने, काही वेळा अशा मोहाने. जखमी साक्षीदाराला तर कायदा विशेष वजन देतो, कारण तो तिथे हजर होता याची साक्ष त्याची जखमच देते.

विश्वासार्हता मोजण्याची पद्धत मात्र नेहमीच अशी न्याय्य राहिली नाही. मार्च १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात देसाईगंजच्या पोलिस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला उभा राहिला. सत्र न्यायालयाने तिला खोटारडी ठरवून आरोपींना सोडलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये शिक्षा दिली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, या कारणांवर भर देऊन. वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या मराठी कायदेपंडितांनी उपेंद्र बक्षी आणि लतिका सरकार यांच्यासह १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देशभर मोर्चे निघाले, १९८३ मध्ये कायदा बदलला. तरी पीडितेच्या चारित्र्यावर बोट ठेवून तिची साक्ष पाडण्याची मुभा देणारं कलम १५५ चं चौथं पोटकलम पुस्तकात राहिलंच. ते २००२ च्या दुरुस्तीने गेलं. इतका काळ एका प्रकारच्या अफवेला, म्हणजे ‘तिच्याबद्दल लोक काय म्हणतात’ याला, कोर्टाचं दार उघडं होतं. हे आठवलं की मला आजही संताप येतो.

साक्षीदार फिरतो ही आपल्याकडची रोजची गोष्ट. फितूर ठरलेल्या साक्षीदाराची साक्ष सगळीच वाया जात नाही, त्यातला पटणारा भाग घेता येतो. पण गाडीवाल्याला रोज त्याच नाक्यावर उभं राहायचं आहे आणि आरोपीचे भाऊबंद त्याचेच गिऱ्हाईक आहेत, याचं उत्तर कलमांत मिळत नाही. महाराष्ट्राने साक्षीदार संरक्षणाचा कायदा २०१७ मध्ये केला, केंद्राची योजना सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये मान्य केली. तालुक्याच्या मारहाणीच्या खटल्यात त्याचा आधार घ्यायला साक्षीदाराला आधी तो आहे हे माहीत तरी असायला हवं.

महाडचं एक प्रकरण अजून सांगायचं आहे. मारहाणीचा निकाल लागला त्याच वर्षीच्या डिसेंबरात गावातल्या सवर्णांनी आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर दिवाणी दावा लावला: तळं वापरायची अस्पृश्यांना पूर्वापार बंदी आहे. अनादी रूढी सिद्ध करायची तर तिचा उगम पाहिलेला माणूस कुठून आणणार? म्हणून कायदा इथे ऐकीवाला मुद्दाम दार उघडतो. वाद सुरू होण्यापूर्वी जाणत्या माणसांनी त्या रूढीबद्दल जे बोलून ठेवलं असेल ते, बोलणारे हयात नसले तरी, चालतं. भांडण पेटल्यावर आठवलेली परंपरा चालत नाही. एवढी सवलत असूनही वादींना आपली बाजू सिद्ध करता आली नाही. महाडच्या कोर्टात ते १९३१ साली हरले, ठाण्याला १९३३ साली हरले. मग प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. तिथे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड होते, १९२२ मध्ये अहमदाबादला गांधीजींचा खटला चालवलेले. त्यांनी नोंदवलं की तळ्याभोवती सवर्णांची घरं उभी राहण्यापूर्वी इथलं पाणी अडवण्याचा कुणी प्रयत्न केला असेल, हेच शंकास्पद आहे. काही काळची वहिवाट दिसते, अनादी रूढी सिद्ध होत नाही. १७ मार्च १९३७ रोजी त्यांनी अपील फेटाळलं.